चार फाशांचा थर: डोंबिवलीच्या घरातील नोंदी

१ जून २०२५, रविवार

उपडा पेला टेबलावर डावी-उजवीकडे झुलवत एकेक फासा आत घ्यायचा आणि शेवटी पेला थांबवून वर उचलला की चारही फासे एकावर एक उभे दिसले पाहिजेत, एवढाच हा खेळ आहे. त्याचे प्रचलित नाव डाइस स्टॅकिंग असले तरी आमच्या घरात पहिल्याच दिवशी त्याला ‘थर’ म्हणायला सुरुवात झाली, आणि पुढच्या नोंदींत मीही तोच शब्द वापरणार आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलांच्या नाचांच्या मध्ये मोठ्यांपैकी कुणीतरी वेगळे काही करून दाखवावे असे बैठकीत ठरले आणि मी उत्साहाच्या भरात हात वर केला. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे, म्हणजे माझ्यापाशी बारा आठवड्यांहून थोडे अधिक दिवस आहेत. कामाच्या दिवशी चाळीस मिनिटे आणि सुटीच्या दिवशी दीड तास सराव करायचा, असे मी ठरवले आहे. मी पाहिलेल्या सगळ्या चित्रफिती जमलेल्या थरापासून सुरू होतात. न जमलेल्या थरांचे काय करायचे हे त्यांत कुणी सांगत नाही, म्हणून या नोंदी.

आजचे साहित्य घरातलेच होते: स्टीलचे फुलपात्र, ल्यूडोचे चार फासे आणि जेवणाचे टेबल. चाळीस मिनिटांत एकही फासा आत टिकला नाही, आणि एक तर फ्रिजखाली गेला तो झाडूच्या दांड्याने काढावा लागला. कारण उशिरा लक्षात आले. फुलपात्राचे तोंड बुडापेक्षा रुंद असते. ते उपडे केले की आतली भिंत बाहेरच्या बाजूला उतरती होते, त्यामुळे भिंतीवर दाबला गेलेला फासा वर चढण्याऐवजी घसरगुंडीवरून उतरल्यासारखा तोंडातून बाहेर पडतो.

४ जून, बुधवार

चहाच्या पावडरीचा प्लास्टिकचा डबा घेतला. त्याच्या भिंती सरळ आहेत, पण आतला व्यास ९५ मिलिमीटर भरला. एक फासा आत टिकला आणि मला फार आनंद झाला; दुसरा घेतला तेव्हा तोही टिकला, पण दोन्ही फासे शेजारीशेजारी बसले. असे दहा-बारा वेळा झाले. पेला गोल असल्यामुळे झोक्याच्या टोकाला सगळे फासे भिंतीच्या एकाच उभ्या रेषेकडे ढकलले जातात आणि जागा नसल्यामुळे एकावर एक चढतात. पेला फार रुंद असला की भिंत जवळजवळ सपाट होते आणि प्रत्येक फाशाला आपापली जागा मिळते.

८ जून, रविवार

हार्डवेअरच्या दुकानात ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पाहिला. भिंत सरळ, आतला व्यास सुमारे ७० मिलिमीटर, म्हणजे मला हवे होते तेच. मात्र दुकानदार तीन मीटरपेक्षा कमी द्यायला तयार नव्हता. शेवटी शेजारच्या विंगमध्ये काम करणाऱ्या प्लंबरकडून उरलेला तुकडा २० रुपयांना मिळाला. टोपण ४५ रुपयांचे आणि चिकटवण्याचे सोल्युशन ६० रुपयांचे. कशासाठी हवे आहे हे सांगितल्यावर त्याने मला दोनदा तेच विचारले.

कापताना चूक झाली. करवत तिरकी गेली आणि तोंडाची कडा एका बाजूला दोन मिलिमीटरने उंच राहिली, त्यामुळे पेला टेबलावर ठेवला की डुगडुगत असे. फरशीवर सँडपेपर पसरून त्यावर पेला उपडा धरून गोल गोल घासला, तेव्हा तासाभराने कडा सपाट झाली. आतली उंची मी १०० मिलिमीटर ठेवली. मोठ्या फाशांची बाजू १९ मिलिमीटर असते, म्हणजे चारांचा थर ७६ मिलिमीटरचा, आणि वर थोडी मोकळी जागा राहते. अख्खा रविवार यात गेला.

१४ जून, शनिवार

पेला सुधारला, पण थर होत नाहीत. ल्यूडोच्या फाशांचे कोपरे गोल असतात, कारण ते घरंगळावेत अशीच अपेक्षा असते. दोन फासे एकावर एक आले तरी वरचा घसरतो. कॅसिनोत वापरतात तसे टोकदार कडांचे, १९ मिलिमीटरचे सहा लाल फासे ८५० रुपयांना मागवले. ते येईपर्यंत एकच फासा झुलवण्याचा सराव चालू ठेवते आहे. तो वेळ वाया गेला असे मला तेव्हा वाटत होते. पुढच्या नोंदी वाचल्यावर कळेल की खरा उपयोग त्याचाच झाला.

२३ जून, सोमवार

नऊ दिवसांनी फासे आले. हातात घेतल्यावरच फरक जाणवतो: वजन आहे, कडा बोटाला लागतात, आणि एकावर एक नुसते ठेवले तरी चार फासे विटांसारखे बसतात. पहिल्याच संध्याकाळी दोन फाशांचा थर लागला, तोही साठ प्रयत्नांत सहा वेळा.

मांडणीत मात्र मी सुरुवातीपासूनच मूर्खपणा करत होते. फासे डावीकडून उजवीकडे एका आडव्या ओळीत ठेवायचे आणि पेलाही त्याच दिशेने झुलवायचा, त्यामुळे पहिला फासा घेताना पेला दुसऱ्याला धडकून त्याला टेबलाखाली पाठवत असे. आज ओळ फिरवली. फासे आता माझ्यापासून दूर जाणाऱ्या उभ्या ओळीत, मध्ये चार बोटांपेक्षा थोडे जास्त अंतर ठेवून मांडते. पेला आडवा झुलतो आणि हात हळूहळू पुढे सरकतो, म्हणजे वाटेत एका वेळी एकच फासा येतो. झोका पाळण्यासारखा असावा लागतो: मधोमध पेला सगळ्यांत खाली, दोन्ही टोकांना किंचित वर. फासा मधोमध, पेला खाली असतानाच घ्यायचा, आणि त्या क्षणी पुढची कडा फाशाच्या उंचीपेक्षा थोडी जास्त उचललेली हवी. कडा उचलायला उशीर झाला तर फासा बाहेर ढकलला जातो, आणि फार उचलली तर आधीचे फासे सांडतात.

३ जुलै, गुरुवार

आज हौस नडली. पीव्हीसीचा राखाडी पेला मंचावर बरा दिसणार नाही, म्हणून मी १,१५० रुपयांचा चामड्याचा पेला मागवला. तो बॅकगॅमन या पटाच्या खेळासाठी बनवलेला होता. अशा पेल्यांत तोंडाच्या आतल्या बाजूला एक गोल उंचवटा शिवलेला असतो. फासे टाकताना ते त्याला अडखळून उलटेपालटे व्हावेत यासाठी तो असतो. थर लावताना तोच उंचवटा थराला भिंतीला टेकू देत नाही आणि पेला उचलताना वरच्या फाशाला अडकून सगळे खाली आणतो. हे ध्यानात यायला दहा दिवस लागले, कारण पेला महाग असल्यामुळे चूक माझ्या हाताचीच असणार असे मी धरून चालले होते.

उंचवट्याची शिवण ब्लेडने उसवून पाहिली, त्यात अस्तर फाटले, आणि त्यामुळे पेला परतही करता आला नाही. पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी धरते हे डोंबिवलीतल्या कुणालाही सांगावे लागू नये, तरी मी ते विसरले. पीव्हीसीचा पेला पुन्हा काढला आणि त्याला बाहेरून खणाचे कापड चिकटवले. दिसायला चांगला झाला आणि घामाने हात निसटतो तेही थांबले.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी अकरापासून सराव सुरू केला तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका वर आले. ‘वहिनी, रविवारी सुतारकाम काढलंत का?’ असे त्यांनी हसतच विचारले, पण प्रश्न खरा होता. सनमायकावर पीव्हीसी आणि चार फासे यांचा आवाज मलाही सहन होत नव्हता. त्यांना साबुदाण्याची खिचडी दिली आणि दुपारी आवाजाच्या मागे लागले.

सतरंजी अंथरली तर फासे तिच्या विणीत अडकतात. कॉम्प्युटरच्या माउसखालची गादी जाड आणि मऊ असल्यामुळे पेल्याची कडा तिच्यात रुतते, आणि पेला उचलला की दबलेली गादी वर येऊन थर हलवते. शेवटी १२ मिलिमीटरच्या प्लायवूडचा ६० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्यावर फेल्टचे पातळ, लवदार कापड चिकटवले. दोन्ही मिळून ३१० रुपये. पृष्ठभाग खाली कडक आणि वर पातळ, मऊ असा असावा, हा माझा आजचा निष्कर्ष आहे. फेल्ट चिकटवताना मध्ये हवेचा फुगा राहिला होता आणि त्या जागी थर नेहमी कलायचा. कारण सापडायला दोन दिवस लागले.

१२ जुलै, शनिवार

उजवे मनगट सुजले आहे. भाकरी थापताना कळ आली तेव्हा डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हाताची हालचाल करून दाखवायला सांगितले, मी टेबलावरची पेनांची बरणी झुलवून दाखवली, आणि ते म्हणाले की ही सगळी ताकद तुम्ही मनगटातून काढता आहात. आठवडाभर विश्रांती आणि ५०० रुपये. नंतर आणखी दोन दिवस मी स्वतःच घाबरून हात लावला नाही.

२२ जुलै, मंगळवार

पुन्हा सुरुवात केली, आणि यावेळी एकाच फाशापासून. मनगट ताठ ठेवून कोपरापासून हात हलवला. झोका आपोआप मोठा आणि संथ झाला, आणि फासा तरीही टिकला. मी आतापर्यंत गरजेपेक्षा किती तरी वेगाने हलवत होते. भीतीमुळे हात घाई करतो. फासे पडू नयेत म्हणून वेग वाढवायचा आणि त्याच वेगामुळे ते एकमेकांवर आदळून पडायचे.

आज आवाजाकडेही लक्ष गेले. फासे आत मोकळे असतात तेव्हा सलग खडखड ऐकू येते. ते भिंतीला धरून चालू लागले की दर झोक्याला एकच ‘टक’ येतो, डावीकडे एक, उजवीकडे एक, जात्यासारखा नियमित. हा आवाज स्थिर होईपर्यंत पुढचा फासा घ्यायचा नाही, असा नियम केला. आजच तीन फाशांचा थर पहिल्यांदा लागला. मुलगी सहावीत आहे; तिने वहीत तारीख घातली आणि खाली सही केली.

२ ऑगस्ट, शनिवार

या सगळ्या नोंदींतली एकच वाचायची असेल तर ही वाचावी.

गेले दहा दिवस तीन फाशांवर अडकले होते. आत काय होते ते दिसत नाही, म्हणून मी झोका सुधारत राहिले: मोठा, लहान, हळू, जलद. मुलगी म्हणाली, ‘आई, आत दिसणारा पेला का नाही घेत?’ तेवढी साधी गोष्ट मला दोन महिने सुचली नव्हती. मुखवासाची सरळ भिंतींची पारदर्शक बरणी ९० रुपयांना आणली, तिची आट्यांची मान करवतीने कापून टाकली आणि कडा घासली. मुलीने फोन स्टँडवर लावून हळू गतीचे चित्रण केले.

चाळीस प्रयत्नांपैकी सत्तावीस वेळा पेला थांबला त्या क्षणी तिन्ही फासे आत नीट उभे होते. पेला उचलल्यावर त्यांतले आठच उरले. म्हणजे जो झोका मी सुधारत बसले होते तो बहुतेक वेळा बरोबरच होता, आणि लागलेले थर मी स्वतःच्या हाताने पाडत होते.

चित्रण पुन्हा पुन्हा पाहिल्यावर दोन दोष दिसले. पहिला थांबण्याचा. शेवटच्या झोक्यात मी पेला वरून खाली आपटत होते, एखादा पत्ता जोरात टाकावा तसा. त्याने कडा फेल्टवरून उसळते आणि वरचा फासा तिरका होतो. आता शेवटचे दोन-तीन झोके पेला फेल्टला टेकवूनच, एका पातळीत, लहान लहान करत घेते आणि शेवटचा झटकन थांबवते. दुसरा दोष उचलण्याचा. पेला वर घेताना माझे मनगट नकळत माझ्याकडे वळायचे, पेल्याची पलीकडची कडा आधी उचलली जायची आणि पेला तिरका होऊन त्याची भिंत थराला लोटायची. शिवाय थांबल्यानंतर थर भिंतीला टेकलेला असतो, त्यामुळे सरळ उचलले तरी भिंत घासत वर जाते आणि वरच्या फाशाला सोबत ओढते.

यावर उपाय असा केला. थांबायचे नेहमी डाव्या टोकालाच. त्यामुळे थर दरवेळी डाव्या भिंतीशी असतो, हे न बघता माहीत असते. थांबल्यावर मनात ‘एक’ म्हणायचे, पेला आणखी केसभर डावीकडे सरकवायचा म्हणजे भिंत थरापासून सुटते, आणि मग तो विहिरीतून पोहरा ओढावा तसा सरळ वर घ्यायचा. थराच्या उंचीच्या वर गेल्याशिवाय हात कुठेही वळवायचा नाही. सायंकाळच्या चाळीस प्रयत्नांत एकोणीस थर उभे राहिले. सकाळी आठ होते.

९ ऑगस्ट, शनिवार, राखी पौर्णिमा

चार फासे. शंभर प्रयत्नांत एकतीस वेळा. नारळीभात दोन तास उशिरा झाला आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलले नाही.

थर लावून झाल्यावर पुढे काय, हा प्रश्न मात्र उरला. प्रयोगाच्या सहा मिनिटांत नुसते थर लावून प्रेक्षक कंटाळतील, म्हणून फाशांचा जुना हिशेब जोडला. प्रमाण फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ असते, म्हणून चार फाशांच्या थरात वरखालच्या सगळ्या बाजूंची बेरीज २८ होते. सगळ्यांत वरचा आकडा दिसतो. तो २८ मधून वजा केला की न दिसणाऱ्या सात बाजूंची बेरीज सांगता येते.

घरच्यांसमोर पहिल्यांदा केले तेव्हा वर ३ होते. मी ऐटीत २५ सांगितले. मुलीने एकेक फासा उचलून बेरीज केली ती २७ आली. थर दुरून दिसावा म्हणून मी नाक्यावरच्या खेळण्यांच्या दुकानातून ८० रुपयांना दोन पांढरे फासे आणून लाल फाशांमध्ये मिसळले होते. त्यांतल्या एकाचा ५ हा ४ च्या समोर आणि ३ हा २ च्या समोर छापलेला निघाला. नियमाबाहेरचे फासे काही आजचे नाहीत. मोहेंजोदडोत सापडलेल्या फाशांवर १ समोर २, ३ समोर ४ आणि ५ समोर ६ अशी मांडणी आहे. पण त्या लोकांनी निदान काहीतरी क्रम पाळला होता. पांढरे, टोकदार कडांचे सहा फासे ७८० रुपयांना मागवले आणि आल्याबरोबर प्रत्येकाच्या तिन्ही जोड्या तपासल्या.

१६ ऑगस्ट, शनिवार, गोपाळकाला

दुपारी नातेवाइकांसमोर रंगीत तालीम ठेवली, तीही नेमकी दहीहंडीच्या दिवशी. चौकातल्या ध्वनिक्षेपकांचा ठेका चौथ्या मजल्यापर्यंत येत होता, टेबलावरचे पाणी थरथरत होते, आणि माझे चारचे थर दोन-तीन सेकंदांत कोसळत होते. बाहेर गोविंदा आठ थरांची तयारी करत होते. तालमीतून एक गोष्ट कळली: मंचावर टेबल ध्वनिक्षेपकाजवळ ठेवायचे नाही.

सासूबाईंचा आक्षेप मात्र गंभीर होता. ‘अगं, गणपतीसमोर फासे? शकुनीचा खेळ तो.’ मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला की यात ना पण आहे ना डाव, तरी त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या घरात द्यूतपर्व ऐकले जाते तिथे फासा हा निरपराध ठोकळा असू शकत नाही. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग त्यांनी तरुणपणी पाहिलेले आहेत, म्हणून मी त्यांनाच विचारले की हे कसे मांडावे. त्या म्हणाल्या, आधी सांगून टाक की हे फासे टाकायचे नाहीत, रचायचे आहेत. माझ्या प्रवेशाचे पहिले वाक्य त्यांनीच असे दिले. शेवटी पेल्याखालून सुपारी काढावी ही माझी कल्पना मात्र त्यांनी तिथेच मोडीत काढली, कारण पूजेत सुपारीलाच गणपती मानतात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

पावसाने मध्य रेल्वे कोलमडली, ऑफिसला जाता आले नाही, आणि आजच्या दिवसाचा उपयोग वेगळ्याच अडचणीसाठी झाला. सोसायटीच्या सभागृहात तिसऱ्या ओळीपलीकडे १९ मिलिमीटरचा फासा दिसत नाही. सभागृहात मोठा टीव्ही आहे, म्हणून फोन स्टँडवर टेबलासमोर ठेवून चित्र त्यावर दाखवायचे ठरले. वायफायवरून चित्र पाठवले तर ते सेकंदभर उशिरा येते: पेला उचलल्याची दाद पुढच्या ओळीत मिळते आणि मागच्या ओळी त्यानंतर पाहतात. केबल आणि जोडणीचा तुकडा मिळून ६४० रुपयांना घेतले, उशीर गेला.

चित्रात लाल पारदर्शक फासे हिरव्या फेल्टवर काळपट दिसतात आणि चार आहेत की तीन ते कळत नाही. लाल, पांढरा, लाल, पांढरा असा क्रम मांडल्यावर टीव्हीवरही थर मोजता येतात. हे आठवड्यापूर्वीच तपासायला हवे होते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

फळी चार दिवस सभागृहात ठेवली होती. ओलाव्याने फेल्टची एक कड सुटली. रात्री इस्त्री मंद करून पातळ कापडावरून फिरवली आणि कड पुन्हा चिकटवली. आजचा हिशेब: पन्नास प्रयत्नांत एकतीस थर. पाचातले दोन पडणार हे धरूनच बोलणे बसवले आहे. थर पडला तर काय म्हणायचे ती दोन वाक्ये मी लागलेल्या थराच्या वाक्यांपेक्षा जास्त वेळा घोकली.

३१ ऑगस्ट, रविवार

काल रात्री प्रयोग झाला. आधीचा नाच लांबला आणि मला सहाऐवजी चार मिनिटे मिळाली. हात गार पडले होते. दोन फाशांचा थर लागला, तीनचा लागला, आणि चारचा पहिल्यांदा पडला. एक पांढरा फासा थेट पहिल्या ओळीतल्या काकांच्या चपलेपाशी गेला. हे तेच खालच्या मजल्यावरचे काका. त्यांनी तो परत देताना मोठ्याने सांगितले, ‘जुलैपासून ऐकतोय, आज पहिल्यांदा पाहतोय.’ सभागृह हसले आणि माझा हात सैल झाला. दुसऱ्या वेळी मी आवाज ऐकत थांबले. सभागृहात गोंगाट असल्यामुळे ‘टक’ ऐकू येत नव्हता, तो तळहाताला जाणवत होता, आणि हे घरी कधी लक्षात आले नव्हते. पेला केसभर डावीकडे सरकवला आणि वर घेतला. चार उभे होते.

वर ६ होते, मी २२ सांगितले, समोरच्या मुलीने मोजून २२ म्हटले. खाली उतरल्यावर आठवीतला एक मुलगा मागून आला आणि हळूच म्हणाला, ‘काकू, अठ्ठावीसमधून वजा केलंत ना?’ मी त्याला पेला हातात दिला. वजाबाकी त्याला लगेच आली होती. फासा मात्र त्याच्याकडून तीनदा मंडपाबाहेर गेला.

१४ सप्टेंबर, रविवार

खर्चाची बेरीज ४,५२५ रुपये झाली. त्यातले १,७३० रुपये चामड्याचा पेला, चुकीचे पांढरे फासे आणि मनगट यांवर गेले. हेच काम पुन्हा करायचे झाले तर मी पाइपाच्या तुकड्याआधी पारदर्शक बरणी घेईन आणि पहिला आठवडा एकाही थराची आशा न धरता नुसते थांबणे आणि उचलणे करीन: फासे हाताने रचायचे, त्यावर पेला झाकायचा आणि ते न पाडता तो काढायचा.

पाचवा फासा सुरू केला आहे. थर ९५ मिलिमीटरचा आणि पेल्याची आतली उंची १००, म्हणजे वर पाचच मिलिमीटर राहतात. फासा आत येताना आधीचे चार वर सरकून बुडाला ठोकतात आणि विस्कटतात. १३० मिलिमीटरचा नवा तुकडा हवा आहे. आज प्लंबर जिन्यात भेटला. काही न विचारता त्याने पिशवीतून पाइप काढला आणि म्हणाला, ‘किती कापू?’